नाव फुटत नाही, सुटते : हरिकेनआधी शिडाची नाव कशी बांधावी

६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा हे पाचव्या श्रेणीचं हरिकेन कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरून गेलं. वारा तासाला २८५ किलोमीटरच्या आसपास होता. तिथल्या टोर्टोला बेटावर पराकिटा बे नावाची एक जागा आहे. आत शिरलेलं पाणी, तोंड चिंचोळं, कडेला तिवरांची दाटी. वादळाची चाहूल लागली की भाड्याने द्यायच्या शिडाच्या नावा तिथे नेऊन रांगेत बांधायच्या, ही तिथली वहिवाट. वादळ ओसरल्यावरच्या फोटोंत त्या नावा एकमेकींवर चढून काठाला ढीग होऊन पडलेल्या दिसतात. कुणाची डोलकाठी आडवी, कुणाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, शेजारणीच्या पोटात.

मी ते फोटो खूप वेळ पाहत बसलो होतो. नीट पाहिलं की लक्षात येतं, त्यातल्या कित्येक नावांना निव्वळ वाऱ्याने काही केलेलं नाही. एकीचा दोर तुटला, ती शेजारणीवर गेली, दोघींचा भार तिसरीच्या दोरांवर आला, आणि मग सगळी रांगच काठाकडे निघाली. चांगल्या बांधणीची नाव आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सोसते. १९७९च्या फास्टनेट या इंग्लंडमधल्या शिडाच्या नावांच्या शर्यतीत वादळाला घाबरून खलाशांनी २४ नावा सोडून दिल्या. त्यातल्या बुडाल्या ५. बाकीच्या रिकाम्याच तरंगत सापडल्या. १९९१च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या वादळात सतोरी नावाच्या ३२ फुटी, वेस्टसेल बनावटीच्या नावेवरच्या तिघांना तटरक्षक दलाने उतरवून घेतलं. माणसांनी सोडलेली ती नाव पुढे मेरीलँडच्या असातीग बेटावर वाळूत बसलेली आढळली, बरीचशी धडधाकट.

म्हणून हा लेख नाव मजबूत कशी करावी याबद्दल नाही. ती सुटू कशी नये, याबद्दल आहे. फ्लोरिडात, टेक्सासच्या किनाऱ्यावर, कॅरोलायनात जुनी तीस-पस्तीस फुटी नाव घेऊन शनिवार-रविवारी शीड उभारणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची सागरी जाण मुंबई बंदरात किंवा मांडव्याच्या वाटेवर तयार झालेली असते, माझीही तशीच. आपल्याकडे पावसाळा ठरल्या दिवसांत येतो. नावा आधीच वर काढतात, कोळी आपल्या होड्या काठावर घेऊन झाकून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऐन सप्टेंबरात हवा सुंदर असते. नाव पाण्यात ठेवण्याचा मोह होतोच.

आधी जोर किती, ते पाहा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

एक ढोबळ हिशेब करू. दहा मीटरची नाव वाऱ्याकडे तोंड करून उभी आहे. डोलकाठी, तारा, केबिन धरून साधारण ६ चौरस मीटर अंग वाऱ्याला लागतं. ६४ नॉटला (तासाला सुमारे ११९ किलोमीटर), म्हणजे हरिकेन जिथे सुरू होतं तिथे, नांगराच्या दोरावर साधारण ४८० किलोचा ओढा येतो. १२८ नॉटला तोच १,९०० किलोच्या पुढे जातो. हा झाला फक्त वाऱ्याचा स्थिर ओढा. लाटेचे हिसके वेगळे. आणि एकाच नांगरावरची नाव कधी सरळ तोंड करून उभी राहत नाही, ती डावी-उजवीकडे झोके घेते. झोक्याच्या टोकाला तिची कूस वाऱ्याला लागते, तेव्हा वाऱ्याला लागणारं अंग तिपटीवर जातं.

यातून दोन कामं निघतात. वाऱ्याला लागणारं अंग कमी करायचं आणि झोके कमी करायचे. नवा महागडा नांगर घेण्याआधी ही दोन करा. दोन्ही जवळपास फुकट होतात.

मे महिन्यातलं काम : जागा ठरवा

वादळ दिसल्यावर जागा शोधणाऱ्याला उरलेली जागा मिळते. ती उरलेली का असते, हे वादळात कळतं.

माझ्या मते क्रम असा. पहिली पसंती जमिनीवर. नाव पाण्याबाहेर काढायची, शक्य तर डोलकाठी उतरवून आडवी ठेवायची, आणि जमिनीत पुरलेल्या पक्क्या कड्यांना रुंद पट्ट्यांनी नाव खाली आवळायची. काही यार्डांत कील, म्हणजे नावेच्या तळाचा जड कणा, खड्ड्यात उतरवून नाव जमिनीलगत बसवतात, ते तर फारच उत्तम. नुसत्या लोखंडी टेकूंवर उभी केलेली नाव मात्र फसवी. २००४मध्ये आयव्हन हरिकेन ग्रेनाडावरून गेलं तेव्हा यार्डात टेकूंवर ओळीने उभ्या असलेल्या नावा एकीने दुसरीला ढकलत आडव्या झाल्या. टेकूंखाली प्लायवूडचे तुकडे घाला, म्हणजे पावसाने मऊ झालेल्या मातीत ते रुतणार नाहीत. समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधा. नावेचा दोर टेकूला कधीही बांधू नका. नाव हलली की ती स्वतःचाच आधार उपटते.

यार्ड समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, हे मालकाला विचारायला लाजू नका. २०२२च्या सप्टेंबरात इयानने फोर्ट मायर्स बीच भागात १० ते १५ फूट पाणी चढवलं. सखल यार्डातली नाव अशा वेळी टेकूंवरून उचलली जाते आणि पाणी उतरताना कुणाच्या तरी अंगणात बसते.

दुसरी पसंती तिवरांची खाडी. अरुंद खाडीत शिरायचं, नाळ तिवरांत घालायची, दोन्ही बाजूंनी कोळीकिड्याच्या जाळ्यासारखे दोर तिवरांच्या बुंध्यांना बांधायचे आणि मागच्या बाजूने नांगर टाकायचे. लाट येत नाही, झोके बसत नाहीत, आणि सुटलीच तर नाव मऊ झाडीत जाते. अनेक वादळांत हा उपाय लागू पडला आहे. पण १ जुलै २०२४ रोजी बेरिल चौथ्या श्रेणीच्या जोराने कॅरियाकू बेटावर आलं, तेव्हा टिरेल बेच्या तिवरांत दाटीवाटीने आसऱ्याला गेलेल्या नावांचीही दैना झाली. तिवर भक्कम असले तरी शेजारची नाव कशी बांधली आहे, हे आपल्या हातात नसतं. खाडीत शिरून गर्दी दिसली तर परत फिरण्याइतका वेळ हाताशी ठेवा. काही ठिकाणी तिवरांना दोर बांधण्यावर कायद्याची बंधनंही आहेत. तीही आधीच विचारून ठेवा.

तिसरी पसंती मोकळ्या पाण्यात नांगर किंवा तळाशी कायम बसवलेलं मुरिंग. काँक्रीटच्या ठोकळ्यावर फार विश्वास टाकू नका. पाण्यात गेल्यावर काँक्रीटचं चाळीस टक्क्यांहून जास्त वजन उणं होतं. एक टनाचा ठोकळा तळाशी सहाशे किलोंचाही भरत नाही. तळात स्क्रूसारखा पिळून बसवलेला हेलिक्स नांगर त्याच्यापेक्षा कितीतरी सरस.

मरीनातला धक्का माझ्या यादीत सगळ्यात खाली. पण दुसरी सोय नसेल तर निदान एवढं करा. नाव धक्क्याला चिकटवून बांधू नका, चारही बाजूंच्या खांबांना लांब दोर नेऊन ती जागेच्या मधोमध तरंगती ठेवा. दोर जितका लांब, तितकी नावेला पाण्याबरोबर वर चढायला मोकळीक. दोर खांबावर उंच बांधा. तरंगता धक्का असेल तर त्याचे खांब किती उंच आहेत ते पाहा. पाणी खांबांच्या डोक्यावर गेलं की धक्काच बाहेर निघतो, तुमच्या नावेसकट.

विम्याचा कागदही मे महिन्यातच वाचा. बऱ्याच पॉलिसींत हंगामात नाव अमुक अक्षांशाच्या अलीकडे-पलीकडे असावी अशी अट असते. नामकरण झालेल्या वादळात मालकाने सोसायची रक्कम वेगळी, मोठी असते. काही कंपन्या वादळाआधी नाव वर काढण्याच्या खर्चातला वाटा उचलतात, आणि काही लेखी वादळ-आराखडा मागतात. आराखडा दिला असेल तर तसंच वागा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा.

अंदाज वाचताना

अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी पत्रक काढतं. नकाशावर जो शंकू दिसतो तो वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, वादळाचा आकार नाही. केंद्र शंकूत राहण्याची शक्यताही साधारण दोन-तृतीयांशच. त्यामुळे 'आपण शंकूबाहेर आहोत' हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. हरिकेन वॉच म्हणजे जोराचा वारा सुरू होण्याच्या सुमारे ४८ तास आधीची सूचना, वॉर्निंग ३६ तास आधीची. वॉर्निंग येईपर्यंत थांबलात तर यार्डातली क्रेन दुसऱ्यांच्या नावांत अडकलेली असते आणि उघडते पूल बंद होण्याच्या बेतात असतात. तुमचं काम पाच दिवस आधी सुरू व्हायला हवं. वादळ वळून गेलं तर गेलं. फुकट गेलेले दोन दिवस मी तालीम म्हणून खात्यावर टाकतो.

केंद्र तुमच्या कोणत्या बाजूने जाणार, यावर वारा कसा फिरणार हे ठरतं, आणि त्यावरून नांगर कुठे टाकायचे ते. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. समजा ते पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललं आहे. केंद्र तुमच्या उत्तरेकडून गेलं तर वारा आधी उत्तरेचा, मग पश्चिमेचा, शेवटी दक्षिणेचा होतो. दक्षिणेकडून गेलं तर उत्तर, पूर्व, दक्षिण असा फिरतो. डोळा थेट डोक्यावरून गेला तर थोडा वेळ शांतता आणि मग अगदी उलट दिशेने पुन्हा तोच जोर.

कॅरिबियन बेटांवर याला फार महत्त्व आहे. तिथला रोजचा वारा पूर्वेचा, म्हणून बहुतेक नांगरवाडे बेटांच्या पश्चिम अंगाला. एरवी ती जागा तळ्यासारखी असते. पण केंद्र उत्तरेकडून गेलं की पश्चिमेचा वारा थेट खुल्या तोंडातून आत येतो आणि मागे किनारा असतो. १९९९च्या नोव्हेंबरात लेनी तर पश्चिमेकडून पूर्वेकडेच निघालं आणि 'सुरक्षित' बाजूच्या किनाऱ्यांवर लाटा आदळत राहिल्या.

तीन दिवस आधी : नाव उघडी करा

सगळ्यात आधी नाळेवरचं गुंडाळलेलं शीड. ते काढा. गुंडाळून, दोर आवळून, वर कापडी बाही चढवूनही नाही, पूर्ण खाली उतरवून केबिनमध्ये किंवा घरी न्या. वारा ऐंशी नॉटच्या पुढे गेला की गुंडाळीची एखादी घडी सुटते. मग वाऱ्याच्या फाडण्यातून जे उरतं ते फडफडत नावेला नांगराभोवती पळवतं. अशी सुटलेली एक नाव शेजारच्या चारांना पुरते.

मग मोठं शीड, शक्य तर त्याच्या खालचा आडवा बूमही. बिमिनी म्हणजे कॉकपिटवरचं कापडी छत, पुढचा कापडी आडोसा, सौरपट्ट्या, पवनचक्की, रबरी डिंगी, तिचं आउटबोर्ड इंजिन, बार्बेक्यू, जीवरक्षक कडी, झेंड्याची काठीसुद्धा. कापड काढून त्याचा पाइपांचा सांगाडा तसाच ठेवणारे बरेच भेटतात. पाइपांनाही वारा लागतो. हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवायचे दोर, डोलकाठीच्या टोकापर्यंत ओढून घ्या आणि खाली परत आणायला बारीक दोरी बांधून ठेवा. डोलकाठीला लागून लोंबणारे आठ-दहा दोर मिळून वाऱ्याला चांगलंच अंग देतात.

या कामाला दोन माणसांना अख्खा दिवस लागतो. पंचवीस नॉटचा वारा सुरू झाल्यावर शीड उतरवायला गेलात तर उतरणार नाही, म्हणून तीन दिवस आधी.

नांगर आणि साखळी

दोराची लांबी खोलीच्या कितीपट, हा हिशेब वादळात बहुतेकांचा चुकतो, कारण खोलीच बदलते. तीन मीटर पाण्यात नाव उभी आहे, नाळ पाण्यापासून एक मीटर वर. एरवी चार मीटर धरून पाचपट, म्हणजे २० मीटर साखळी सोडली की झोप लागते. वादळात पाणी तीन मीटर चढणार असेल तर हिशेब सात मीटरचा, आणि दहापट सोडायची म्हणजे ७० मीटर. एवढी साखळी-दोर तुमच्याकडे आहे का, आणि एवढं फिरायला भोवती जागा आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गजबजलेल्या जागेत सहसा 'नाही' असतं.

तीन नांगर ताऱ्यासारखे १२० अंशांवर टाकून, तिघांच्या साखळ्या मध्ये एका जाड शॅकल-स्विव्हलला, म्हणजे पिनेच्या कडीला आणि फिरत्या सांध्याला, जोडून, तिथून नाळेकडे दोन दोर आणणं हा जुना आणि चांगला उपाय. वारा कुठूनही फिरो, एखाद-दोन नांगर ओढ घेतात आणि नाव छोट्या वर्तुळात फिरते. शॅकलच्या पिना तारेने आवळून बांधा. साखळी कितीही जाड असो, सुटते ती एक पीन.

साखळी एरवी आपल्या वजनाने झोळ खाते आणि हिसके गिळते. वादळात ती सळईसारखी ताठ होते, झोळ उरत नाही. म्हणून शेवटचे दहा-बारा मीटर नायलॉनचा दोर हवा. नायलॉन ताणतो, धक्का पोटात घेतो. आणि इथूनच सगळ्यात मोठं दुखणं सुरू होतं.

दोराची झीज : इथे सगळा वेळ घाला

नाव क्लीटला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, बांधली. क्लीटपासून दोर काठाजवळच्या चॉकमधून, म्हणजे दोराला वाट देणाऱ्या धातूच्या खोबणीतून, बाहेर पडून पाण्यात गेला. प्रत्येक झोक्याला तो ताणतो आणि सैल होतो. क्लीट आणि चॉक यांत एक मीटर अंतर असेल आणि दोर दहा टक्के ताणत असेल तर प्रत्येक वेळी चॉकच्या कडेवरून दहा सेंटिमीटर दोर करवतीसारखा पुढे-मागे होतो. दहा सेकंदांना एक झोका धरला तर बारा तासांत चार हजारांहून जास्त वेळा. माझ्या पहिल्याच वर्षी जेमतेम पस्तीस नॉटच्या एका रात्रीत नवाकोरा दोर अर्ध्यापर्यंत कापला गेला होता. सकाळी तो हातात घेऊन बसलो तेव्हा वाटलं, हे हरिकेन नव्हतंच.

दोर बाहेरून घासतो तसा आतूनही तापतो. सारखा ताणून सैल होणाऱ्या नायलॉनचे धागे एकमेकांवर घासून गरम होतात आणि वितळायच्या बेताला येतात. पावसाचं पाणी त्याला गार ठेवतं. म्हणून झीज रोखायला दोरावर रबरी किंवा प्लास्टिकचा पाइप चढवणं, जे सर्रास दिसतं, ते मोठ्या वादळात उलटतं. पाइपात पाणी शिरत नाही, उष्णता बाहेर पडत नाही. त्याऐवजी कापडी बाही घ्या, पॉलिएस्टरची विणलेली किंवा अग्निशमनाच्या जुन्या कापडी होजची. दोन थर, एकात एक. बाही दोन्ही टोकांना बारीक दोरीने दोरालाच शिवून बांधा, नाहीतर पहिल्या तासात ती सरकून पाण्यात जाते आणि चॉकमध्ये उघडा दोर राहतो.

याहून चांगली युक्ती अशी. चॉकमधून जाणारा तुकडा पॉलिएस्टरचा ठेवा आणि त्याच्यापुढे पाण्याकडे नायलॉन जोडा. पॉलिएस्टर फार ताणत नाही, म्हणून चॉकमध्ये करवत चालत नाही. ताणायचं काम बाहेर, हवेत, नायलॉन करतो, जिथे घासायला काही नाही. काही जण भार क्लीटवर न ठेवता थेट डोलकाठीच्या बुंध्याला बांधतात. डोलकाठी कीलवर टेकलेली असेल तर ती जागा भक्कम खरी, पण मग चॉकच्या आत तीन-चार मीटर दोर येतो. तो नायलॉनचा असेल तर करवत दहाऐवजी तीस-चाळीस सेंटिमीटरची झाली. म्हणजे आतला भाग पॉलिएस्टरचाच हवा.

आता चॉकवरून बोट फिरवा. बोटाला जी कड जाणवते ती दोराला जाणवणार. कानशीने गोल करा, पॉलिश कागद मारा. एका चॉकमधून दोन दोर नेऊ नका, ते एकमेकांना कापतात. दुसऱ्या दोरासाठी दुसरी वाट शोधा. नाळेवरच्या नांगराच्या रोलरवर विसंबू नका. त्याच्या कडा पातळ पत्र्याच्या असतात आणि नाव वर-खाली आपटू लागली की साखळी त्यातून उडून बाहेर येते.

क्लीट खालून कशाने धरली आहे ते पाहा. केबिनच्या छतात, लॉकरच्या आत हात घालून चाचपा. नुसते वॉशर आणि नट लागले तर थांबा. फायबरच्या पातळ डेकमधून ते वॉशर उपटून येतात. खाली जाड अ‍ॅल्युमिनियमची किंवा इपॉक्सी-फायबरची पट्टी हवी, बोल्ट तिच्यातून गेलेले हवेत. हे काम एक शनिवार खातं. जुनी नाव घेतली असेल तर त्या वर्षी बाकी काही नवं न घेता हेच करा, असं मी आग्रहाने सांगेन.

पाणी

नाव वरूनही भरते. कॉकपिट, म्हणजे सुकाणूजवळची उघडी खोलगट बैठक, तीन चौरस मीटरचं धरा. पाव मीटर पाऊस पडला आणि निचऱ्याच्या भोकांत पानं अडकली तर ७५० किलो पाणी तुमच्या मागच्या टोकावर बसलं. म्हणून कॉकपिटचे निचरे साफ करा आणि त्यांचे सीकॉक, म्हणजे नावेच्या अंगातल्या भोकांवरच्या झडपा, उघडे ठेवा. बाकीचे सगळे सीकॉक बंद. हवेचे वाकडे झरोके काढून झाकणं लावा, इंजिनाच्या धुराची वाट लाकडी बुचाने बंद करा, लॉकरची झाकणं बांधून टेप लावा. एवढ्या वाऱ्यात पाऊस आडवा येतो आणि खालून वरही चढतो.

बिल्ज पंपावर, म्हणजे नावेच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपावर, भिस्त ठेवू नका. शंभर अँपियर-तासांची बॅटरी आठ अँपियरचा पंप कागदावर बारा तास चालवते, प्रत्यक्षात त्याच्या अर्धे. सौरपट्ट्या तर तुम्ही काढल्यात.

नाव सोडा

चोवीस तास आधी शेवटचे फोटो काढा, कागदपत्रं, पासपोर्ट, पैसे, औषधं घ्या, आणि उतरा. 'मी नावेवर थांबून दोर सैल-घट्ट करीन' असं म्हणणारा दर हंगामात एखादा असतोच. शंभर नॉटच्या वाऱ्यात डेकवर उभं राहता येत नाही, डोळे उघडत नाहीत, इंजिनाने नाव वाऱ्याला तोंड देऊन राहत नाही. ओढ घेतलेल्या दोराला हात लावलात तर बोटं जातात. डोळ्याच्या शांततेत बाहेर जाऊन दोर पाहणं तर आणखी वाईट. परतीचा वारा एकदम येतो. नाव विम्याची आहे, ती जाऊ द्या.

समुद्रातच सापडलात तर

मुळात सापडू नये, यासाठी खलाशी १-२-३चा नियम पाळतात. अंदाजातल्या केंद्राभोवती ३४ नॉट वाऱ्याचं जेवढं वर्तुळ, त्यात २४ तासांच्या जागेला १०० सागरी मैल, ४८ तासांच्या जागेला २००, ७२ तासांच्या जागेला ३०० मिळवायचे आणि त्या सगळ्या टापूपासून दूर राहायचं. तुमची दहा मीटरची नाव दिवसाला फार तर दीडशे मैल कापते. तीन दिवस हातात असतील तर चारशे मैल बाजूला होता येतं. एक दिवस असेल तर पळण्याचा प्रश्नच नाही.

वादळाच्या मार्गाच्या उजव्या की डाव्या, कुठल्या अर्धात आपण आहोत ते वाऱ्यावरून ओळखा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली की केंद्र डाव्या हाताला. एका जागी थांबून वारा घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसला तर तुम्ही मार्गाच्या उजव्या, धोक्याच्या अर्धात. वारा उजव्या बाजूने नाळेवर तिरका घेऊन जमेल तेवढे दूर जा. उलट फिरला तर डाव्या, जरा सुसह्य अर्धात. वारा उजव्या मागच्या कोपऱ्यावर घ्या आणि पळा. दिशा तीच आणि हवेचा दाब पडतोय, तर तुम्ही थेट वाटेत आहात. तेव्हाही उजव्या मागच्या कोपऱ्यावर वारा घेऊन डाव्या अर्धाकडे सरका.

पुढे प्रश्न लाटेचा. नावेच्या लांबीच्या साठ टक्के उंचीची फुटती लाट कुशीवर बसली की कोणतीही नाव उलटते. दहा मीटरच्या नावेला सहा मीटरची पुरे. म्हणून कूस लाटेला द्यायची नाही. फास्टनेटनंतर डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकन अभियंत्याने त्यावर उपाय काढला. लांब दोराला ओळीने शिवलेले छोटे कापडी शंकू, पाच टनांच्या नावेला शंभराच्या आसपास, आणि टोकाला वजन. तो मागून सोडला की नाव लाटेबरोबर धावत सुटत नाही आणि आडवीही होत नाही. मात्र तो अडकवायची कडी मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर आधीच बोल्टने बसवलेली हवीत. तिथेही क्लीटचाच नियम.

आपल्याकडची आठवण द्यायची तर एकट्याने जगप्रदक्षिणेला निघालेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची 'थुरिया'. एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' मुंबईत बांधली गेली होती, तिचीच प्रतिकृती म्हणून ही नाव गोव्यात बांधली. सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात, हरिकेन नव्हे तरी जोर तसाच, ती पूर्ण उलटून सरळ झाली. डोलकाठ्या गेल्या, टॉमी यांच्या पाठीला जबर मार बसला आणि ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना तीन दिवसांनी उचललं. तोवर ते नावेच्या पोटात पडून होते आणि नाव तरंगत होती.

परत गेल्यावर

वादळानंतर धावत जाऊ नका. पाण्यात तारा, डिझेल, तरंगते खांब असतात. काठावर चढलेली नाव अस्थिर असते, खाली उभे राहू नका. आधी फोटो, मग विमा कंपनीला कळवणं, मग पुढचं नुकसान थांबवणं. भोकं बुजवा, पाणी उपसा. इंजिन बुडालं असेल तर त्याला हवेत वाळू देऊ नका. गोड्या पाण्याने धुवा, तेल बदला, सिलिंडरांत डिझेल किंवा पातळ तेल घालून हाताने फिरवा, आणि त्याच आठवड्यात मेकॅनिक गाठा. डोलकाठीच्या तारांची टोकं, जिथे तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, भिंगाने पाहा. केसाएवढी चीर दिसली तर ती तार गेली असं समजा.

नाव जागेवर असेल, तर दोर सोडण्याआधी प्रत्येक बाहीचा जवळून फोटो घ्या. कोणती फाटली, कुठल्या चॉकमध्ये, कोणत्या बाजूला, आतला थर किती उरला. फोटोवर तारीख आणि त्या रात्रीचा सर्वाधिक वारा लिहून तो वहीत चिकटवा. पुढच्या मे महिन्यात कानस घेऊन नाळेवर बसाल तेव्हा पहिल्यांदा कुठल्या कडेवर फिरवायची, ते त्यात लिहिलेलं असेल.